‘शस्त्रक्रिया केलेले जास्त जगले’ : हे वाक्य कसं वाचायचं?

अँजिओसार्कोमा हा रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून उगम पावणारा दुर्मिळ कॅन्सर. त्वचेवर होतो तेव्हा तो बहुतेकदा वयस्कर माणसांच्या डोक्यावर किंवा चेहऱ्यावर दिसतो. सुरुवातीला मुका मार लागून काळंनिळं पडल्यासारखा डाग असतो, त्यामुळे निदान उशिरा होतं.

एका हॉस्पिटलमध्ये असे रुग्ण मोजकेच येतात. म्हणून संशोधक मोठ्या नोंदणीकडे वळतात. १९७३ पासून चालू असलेली अमेरिकेची ‘सीअर’ ही त्यांची आवडती. मग कॉक्स मॉडेल लावायचं आणि निष्कर्ष लिहायचा: कमी वय, ५ सेंटीमीटरपेक्षा लहान गाठ, न पसरलेला आजार आणि शस्त्रक्रिया, यांमुळे रुग्ण जास्त जगतात.

माझा आक्षेप त्या ‘यांमुळे’ शब्दाला आहे. गाठीचा आकार पुढचं भाकीत करतो, हे पटतं. शस्त्रक्रियेचं तसं नाही. ज्याचं हृदय कमजोर आहे, ज्याची गाठ अर्ध्या डोक्यावर पसरली आहे, त्याला सर्जन टेबलावर घेतच नाही. ‘सीअर’च्या मूळ नोंदीत रुग्णाचे इतर आजार नसतात. म्हणजे ॲडजस्ट करायला मुख्य गोष्टच हातात नाही!

रेडिएशनचा मुद्दा आणखी अवघड. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी रेडिएशन सुरू होतं. तोवर जो जगला, तोच त्या गटात जातो. आधी गेलेला ‘रेडिएशन नाही’ या गटात मोजला जातो. इथे लँडमार्क ॲनालिसिस किंवा वेळेनुसार बदलणारा घटक वापरायला हवा. पेपरमध्ये तो आहे का, बघा.

आता परळला या. टाटा मेमोरियल १९४१ पासून आहे आणि तिथे देशभरातून रुग्ण येतात. उपचार संपले की ते गावी जातात. काही फॉलो-अपला परत येत नाहीत. मॉडेल त्यांना ‘सेन्सॉर्ड’ धरतं आणि समजतं की ते उरलेल्यांसारखेच आहेत. पण आजार बळावला म्हणून प्रवास जमला नसेल तर? मग सर्व्हायव्हल उगाच चांगलं दिसतं. उलट, १९६३ मध्ये सुरू झालेली मुंबईची कॅन्सर नोंदणी फक्त मुंबईचे रहिवासी मोजते. तिचे कर्मचारी हॉस्पिटलांत जाऊन नोंदी घेतात आणि महापालिकेच्या मृत्यूनोंदींशी ताडून पाहतात. शहर एकच, पण या दोन आकडेवारींत माणसं वेगळी. त्यांची थेट तुलना करू नका.

शेवटचं, मृत्यू किती झाले ते मोजा. समजा ३५ मृत्यू आहेत आणि मॉडेलमध्ये ९ घटक कोंबलेत. एका घटकामागे किमान १० मृत्यू हा ढोबळ नियम लावला, तर ३ घटकांनंतरच थांबायला हवं होतं.

एवढं का ताणायचं? कारण पंचाहत्तरीच्या आजोबांचं ऑपरेशन करायचं की नाही, हे ठरवताना घरच्यांना असल्याच पेपरातला आकडा सांगितला जातो. म्हणून पी-व्हॅल्यूच्या आधी ‘पद्धती’ वाचा: कोण आत आलं, कोण सुटलं आणि वेळ कुठून मोजली.