भाकीत एक, वाचने दोन: ख्रिस्ती–मुस्लिम अर्थवादाची चिकित्सा

धर्मग्रंथातील भाकिताचा अर्थ कोणी आणि कशाच्या आधारे ठरवायचा, हा तुलनात्मक धर्माभ्यासातील महत्त्वाचा प्रश्न आहे. या पाठात आपण बायबलमधील दोन उतारे पाहू. कोणता धर्म खरा, हे आपल्याला ठरवायचे नाही. कोणते वाचन मजकुराच्या कसोटीवर किती टिकते, एवढेच तपासायचे आहे.

१. मोशेसारखा संदेष्टा

जुन्या करारातील 'अनुवाद' या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात, इस्राएलाच्या 'भावांमधून' मोशेसारखा संदेष्टा उभा राहील असे आश्वासन आहे. 'प्रेषितांची कृत्ये' (३:२२) ते येशूला लागू करते. मुस्लिम भाष्यकार म्हणतात की इस्राएलाचे भाऊ म्हणजे इश्माएलाचे वंशज. शिवाय नियमशास्त्र देणारा आणि समाजाचे नेतृत्व करणारा या अर्थाने मुहंमद पैगंबरच मोशेसारखे आहेत.

आता 'भाऊ' हा शब्द त्याच पुस्तकात कसा येतो ते पाहा. १७:१५ मध्ये राजा भावांमधून निवडावा, परका नको, असे सांगितले आहे. तेथे भाऊ म्हणजे इस्राएली. पण २:४ मध्ये एसावाच्या वंशजांनाही भाऊ म्हटले आहे. म्हणजे मुस्लिम वाचन भाषेच्या दृष्टीने अशक्य नाही. मात्र १८:१५ मध्ये 'तुझ्यामधून' असेही म्हटले असल्याने संदर्भाचा कल इस्राएली अर्थाकडे झुकतो. तरीही त्यावरून तो संदेष्टा येशूच, असे सिद्ध होत नाही. अनेक यहुदी भाष्यकार येथे मोशेनंतरच्या संदेष्ट्यांची परंपरा पाहतात.

२. कैवारी कोण?

योहानाच्या शुभवर्तमानात (अध्याय १४ ते १६) येशू ज्याच्या येण्याविषयी सांगतो, त्याला ग्रीकमध्ये 'पॅराक्लेटोस' आणि मराठी बायबलमध्ये 'कैवारी' म्हटले आहे. कुराणाच्या ६१:६ मध्ये येशू 'अहमद' नावाच्या प्रेषिताची वार्ता देतो. म्हणून काही मुस्लिम लेखकांनी मूळ शब्द 'पेरिक्लुटोस', म्हणजे 'प्रशंसित', असावा असे सुचवले. 'अहमद'चा अर्थही तसाच आहे. पण एकाही ग्रीक हस्तलिखितात हा पाठ नाही, आणि त्यांपैकी काही मुहंमदांच्या जन्माआधीची आहेत. ग्रीक लिपीत स्वरही लिहिले जात असल्याने हा निव्वळ स्वरचिन्हांचा गोंधळ ठरत नाही. शिवाय १४:२६ मध्ये कैवारी म्हणजे पवित्र आत्मा, असे स्पष्ट म्हटले आहे. येथे मुस्लिम युक्तिवाद दुबळा पडतो.

३. दोन्ही पक्षांची अडचण

तर मग ख्रिस्ती पक्ष जिंकला का? घाई करू नका. मत्तय (१:२३) यशयाच्या ७:१४ मधील वचन येशूच्या जन्माला लावतो. त्या वचनाचा जवळचा संदर्भ आहाज राजाच्या काळातील संकटाचा आहे. हिब्रू शब्दाचा अर्थ 'तरुणी' असा होतो. मत्तयाने घेतलेल्या ग्रीक भाषांतरात 'कुमारी' आहे. म्हणजे नंतरच्या श्रद्धेच्या प्रकाशात जुना मजकूर वाचण्याची पद्धत ख्रिस्ती परंपरेने स्वतः वापरली आहे. तीच मुस्लिमांनी वापरली की चूक, असे म्हणता येणार नाही.

मुस्लिम पक्षाची अडचण वेगळी आहे. बायबलमध्ये फेरफार झाला, म्हणजे 'तहरीफ' झाली, असे म्हणायचे आणि त्याच बायबलमधून पुरावाही काढायचा, तर कोणता भाग विश्वसनीय हे ठरवणारा स्वतंत्र निकष हवा. 'कुराणाशी जुळतो तो भाग खरा' हा निकष श्रद्धावंताला पुरतो, प्रतिपक्षाला नाही.

१८५४ मध्ये आग्र्याला मौलाना रहमतुल्लाह कैरानवी आणि जर्मन मिशनरी कार्ल फाण्डर यांच्यात झालेल्या जाहीर वादात हा तहरीफचा मुद्दाच केंद्रस्थानी आला. कैरानवींच्या बाजूने युरोपीय बायबल-चिकित्सेचा आधार घेण्यात आला. पाठभेद आहेत हे फाण्डर यांनी मान्य केले, पण त्यामुळे मूळ शिकवण बदलत नाही असे म्हटले. वाद दोन दिवसांत थांबला. पुढे कैरानवींनी 'इझहार-उल-हक' या अरबी ग्रंथात भाकितांचीही चर्चा केली.

समारोप

दोन्ही पक्ष भाकितातून निष्कर्षाकडे जातो असे म्हणतात. प्रत्यक्षात निष्कर्षापासून भाकिताकडे येतात. यात अप्रामाणिकपणा असतोच असे नाही. श्रद्धेचे वाचन असेच असते. अभ्यासक म्हणून आपले काम एवढेच, की परक्याच्या ग्रंथाला लावलेली कसोटी स्वतःच्या ग्रंथालाही लावायची.

विचारासाठी प्रश्न: तुमच्या परंपरेतील एखादे भाकीत घ्या. त्याचा अर्थ मूळ संदर्भातून येतो, की नंतरच्या घटनेवरून?