हॅरिएट आर्नो यांच्या कादंबऱ्यांतील कठोरता

अमेरिकेतील अ‍ॅपलेशियन पर्वतप्रदेशाच्या कादंबरीकारांत हॅरिएट सिम्प्सन आर्नो (१९०८–१९८६) यांची गणना होते. परंतु ‘प्रादेशिक’ या विशेषणाने त्यांच्या लेखनाचे मर्म उलगडण्याऐवजी झाकलेच जाते. केंटकी राज्यात कंबरलंड नदीच्या परिसरात त्या वाढल्या आणि डोंगरातील एकशिक्षकी शाळेत त्यांनी अध्यापन केले. त्या अनुभवातून ‘माउंटन पाथ’ (१९३६) निर्माण झाली. तीत प्रदेश आहे. माणसे मात्र अद्याप पाहुणीच्या दृष्टीने पाहिलेली आहेत.

‘हंटर्स हॉर्न’मध्ये (१९४९) ही मर्यादा उरत नाही. तिचा नायक नन बॅल्यू एका कोल्ह्याच्या ध्यासाने झपाटलेला आहे. मुलाबाळांची ओढाताण डोळ्यांसमोर असताना तो जातिवंत शिकारी कुत्र्यांसाठी गुरे विकतो. अखेर हाती लागलेला कोल्हा म्हणजे पोटात पिले असलेली मादी ठरते. पुढे विवाहावाचून गरोदर राहिलेल्या स्यूझची, आपल्या मुलीची, पाठराखण करण्याचा प्रसंग येतो, तेव्हा हाच नन लोकमतापुढे मान तुकवून तिला त्या मुलाच्या घरी धाडतो. तेथे तिच्या साऱ्या आकांक्षा विझणार, हे तो जाणून असतो.

‘द डॉलमेकर’ (१९५४) हीच दृष्टी अधिक खोल नेते. शेत घेण्यासाठी वर्षानुवर्षे पैसे साठविणारी गर्टी नेव्हल्स, आईच्या आग्रहापुढे नमून, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नवऱ्यामागोमाग डेट्रॉइटला जाते. टीकाकार तिला बहुधा औद्योगिक नगराचा बळी ठरवितात. हे अर्धसत्य होय. छोटी कॅसी आपल्या काल्पनिक सखीशी बोलते म्हणून शेजारी हसतात. ते खेळणे सोडण्यास तिला गर्टीच सांगते. मग चोरून खेळू लागलेली कॅसी रेल्वेखाली सापडते. आर्नो यांची कठोरता दारिद्र्याच्या वर्णनात नसून या ‘सांगण्या’त आहे: जुलूम बाहेरचा असला, तरी होकार माणसाचा स्वतःचा असतो.

कामगार संघटनांविषयीचे संवाद उत्तरार्धात पाल्हाळिक होतात, हे खरे. तरीही १९५५ चे नॅशनल बुक अवॉर्ड या कादंबरीस न मिळता फॉक्नर यांच्या ‘ए फेबल’ला मिळाले, या निर्णयाचे समर्थन आज फॉक्नरभक्तांनाही जड जावे. आर्नो यांची नंतरची ‘द वीडकिलर्स डॉटर’ (१९७०) मात्र या उंचीस पोहोचत नाही.

गर्टीजवळ चेरीच्या लाकडाचा एक ठोकळा असतो. त्यात कोरावयाचा चेहरा ख्रिस्ताचा की जूडासचा, हे तिला ठरविता येत नाही. शेवटी विक्रीच्या बाहुल्यांसाठी तो फोडावयाचा ठरतो, तेव्हा कुऱ्हाडीचा पहिला घाव ती स्वतःच घालते.