पदराची उलटी बाजू

आमच्या येवल्यात पैठणी पारखायची रीत सोपी आहे : पदर उलटून पाहा. हाताने विणलेल्या पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. यंत्रावरच्या नकलेत मागे सुटे धागे लोंबतात. लोकगीताला इलेक्ट्रॉनिक ठेक्याची जोड देणारे नवे संगीतही आम्ही याच रीतीने पारखतो.

मुंबईच्या ‘स्वदेसी’ या हिप-हॉप समूहाचे २०१९ मधले ‘द वारली रिव्होल्ट’ ऐका. आरेच्या जंगलातल्या पाड्यावरचे वारली कलावंत प्रकाश भोईर त्यात स्वतः गातात. जंगल-जमिनीचा प्रश्न त्यांचा, गळा त्यांचा आणि गाण्यावर नावही त्यांचे. ठेका काढून घेतला तरी गाणे उरते. खटकते एवढेच की, इतक्या मातीतल्या गाण्याला शीर्षक मात्र इंग्रजी!

एरवी लोककलावंताचा आवाज उचलायचा नि नाव विसरायचे, हाच रिवाज. आपले शाहीर सगनभाऊ लावणीच्या शेवटी स्वतःचे नाव गुंफत. म्हणून तर ते आजही आपल्याला ठाऊक आहेत. पैठणीवर विणकराचे नाव बहुधा नसते, हे आम्ही रोज पाहतो. निदान गाण्यावर तरी गाणाऱ्याचे असावे.