मोटारसायकलची दुरुस्ती आणि अप्पमाद

रॉबर्ट पिर्सिग यांचा ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ हा ग्रंथ १९७४ साली प्रसिद्ध झाला. १२१ प्रकाशकांनी नाकारलेला हा ग्रंथ पुढे जगभर वाचला गेला. मिनेसोटाहून कॅलिफोर्नियापर्यंत बापलेकांनी मोटारसायकलने केलेला प्रवास आणि त्या ओघात आपले यंत्र आपल्याच हातांनी दुरुस्त करण्याविषयीचे चिंतन, असे त्याचे स्वरूप आहे. झेनची अधिकृत माहिती येथे शोधू नये, असे लेखकाने आरंभीच बजावले आहे. तरीही नावातील ‘झेन’ या शब्दामुळे तो बौद्ध ग्रंथ समजून वाचला जाण्याचा संभव आहे. म्हणून धम्माच्या कसोटीवर त्याची तपासणी करणे आम्हास अगत्याचे वाटते.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकांना हा विषय परका नाही. आलापल्लीहून भामरागडकडे जाताना जंगलात मोटारसायकल बंद पडली, तर मिस्त्री कोठून आणावयाचा? पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा मार्गच खुंटतो. अशा भागात नोकरी करणाऱ्या शिक्षकाला वा परिचारिकेला प्लग साफ करणे, सैल चेन ताणणे, तुटलेली क्लच वायर बदलणे हे यावेच लागते. पिर्सिग यांचा सहप्रवासी आपल्या बीएमडब्ल्यूला हात लावू इच्छित नाही. त्याची ती आवड-निवड आहे. आमच्याकडे ती गरज आहे. २०२० पासूनच्या नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर जाऊन इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली, हे खरे. परंतु चेन, ब्रेक, ऑइल आणि पंक्चर अजूनही आपल्याच हाती आहेत.

ग्रंथाचा पहिला गुण असा की, तो कारण शोधावयास शिकवितो. इंजिन सुरू होत नाही. तर पेट्रोल येते काय, ठिणगी पडते काय, हवेचा मार्ग मोकळा आहे काय, हे एकेक करून तपासावे. प्लगवर काळी काजळी धरली असेल, तर बहुधा पेट्रोलचे प्रमाण हवेच्या मानाने अधिक झाले आहे असे समजावे. कारण नाहीसे केले की कार्य थांबते, हा प्रतीत्यसमुत्पादाचाच रोकडा पाठ होय. याउलट हँडलला लिंबू-मिरची बांधणारा आणि दसऱ्याला मोटारसायकलची पूजा करणारा मनुष्य कारणापासून तोंड फिरवितो. १४ ऑक्टोबर १९५६ च्या बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या काही घरांतही ही लिंबे लोंबताना दिसतात, हे खेदाने नमूद करावे लागते.

दुसरा गुण अवधानाचा. एक स्क्रू गंजून अडकला आणि त्याची खाच झिजली, की सारी गाडी अडते. त्या वेळी संतापून जोर लावणारा अधिक नुकसान करतो. थांबून, पूर्वग्रह बाजूस ठेवून पाहणाऱ्याला वाट सापडते. यात नवे काही नाही. सतिपट्ठान सुत्तात श्वासाच्या स्मृतीसाठी भगवंतांनी दृष्टांत दिला तो कुशल कातकाम करणाऱ्याचा व त्याच्या शिकाऊ साथीदाराचा. हाताखाली काय चालले आहे, हे ज्याला त्या क्षणी ठाऊक असते, तोच स्मृतिमान. भगवंतांनी अखेरचे भोजन घेतले तेही चुंद या लोहारपुत्राकडे. हाताने काम करणारा मनुष्य धम्मात कधीच परका नव्हता.

आता दोष. ग्रंथातील नायक बनारस हिंदू विद्यापीठात असताना जगाला मिथ्या म्हणणाऱ्या प्राध्यापकास विचारतो, हिरोशिमा-नागासाकीवरील बॉम्बही मिथ्या काय? होकारार्थी उत्तर मिळताच तो वर्ग सोडतो. हा बाणेदारपणा आम्हास मान्य आहे. परंतु पुढे तोच ‘गुणवत्ता’ नामक एका अव्याख्येय तत्त्वाला सर्वांच्या मुळाशी बसवितो. बाहेर काढलेले ब्रह्म मागच्या दाराने परत येते. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ (१९५७) मध्ये बाबासाहेबांनी ब्रह्मैक्यावरील विश्वास धम्म नव्हे असे स्पष्ट सांगितले आहे. प्लग साफ करावयास परमतत्त्व लागत नाही. स्वच्छ दृष्टी पुरते.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. यंत्राविषयीची नावड पिर्सिग स्वभावभेदाने समजावून देतात. आमच्या देशात ती जातीने घडविली आहे. जाती ही केवळ श्रमांची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी होय, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले. ज्याचे हात काळे, तो खालचा. ज्याचे हात कोरडे, तो वरचा. आमच्या वाडवडिलांनी लादलेली हलकी कामे बाबासाहेबांच्या आदेशाने टाकली, ते योग्यच झाले. श्रमाचे गोडवे गाऊन माणसाला त्याच कामात जखडणारे तत्त्वज्ञान आम्हास नको. परंतु शिकलेल्या मुलाला स्वतःच्या गाडीचे ऑइल बदलण्याची लाज वाटू लागली, तर आपण काम टाकले, पण त्यामागची उच्चनीचता जपली, असे होईल. लादलेले काम आणि समजून केलेले काम यांतील हा भेद पिर्सिग यांना दिसत नाही. आपल्याला दिसला पाहिजे.

तिसरे असे की, बाप इंजिनाचा बारीकसा बदललेला आवाज ओळखतो. पण मागे बसलेल्या अकरा वर्षांच्या मुलाचे एकाकीपण त्याला फार उशिरा ऐकू येते. ग्रंथाचे खरे दुःख येथे आहे, आणि लेखकाने ते लपविले नाही, हा त्याचा प्रामाणिकपणा. प्रज्ञा आहे, करुणा मागे राहिली आहे. बाबासाहेबांनी प्रज्ञेला शील आणि करुणेची जोड अपरिहार्य मानली, ती यासाठीच.

ग्रंथ अवश्य वाचावा, मात्र बौद्ध ग्रंथ म्हणून नव्हे. दरवर्षी १५ व १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर दूरदूरच्या गावांतून कितीतरी उपासक मोटारसायकलींवर येतात. निघण्यापूर्वी चेन, ब्रेक आणि चाकांतील हवा स्वतः तपासावी. मुलाबरोबर मुलीच्याही हाती पाना द्यावा. वाटेत कोणाची गाडी बंद पडलेली दिसल्यास जात न विचारता थांबावे. अप्पमादाचा याहून सोपा पाठ आम्हास सुचत नाही.