खडी लक्षात राहिली, पाणी विसरलो

रस्ता कसा बांधावा, याचा प्रत्यक्ष कामावर उपयोगी पडेल असा सल्ला देणारी जी पुस्तके गाजली, त्यांत जॉन लाउडन मॅकॅडम या स्कॉटिश गृहस्थांचे १८१६ सालचे छोटे पुस्तक अग्रभागी आहे. आपल्याकडे रस्त्याच्या कामावर ‘डब्ल्यूबीएम’, ‘बीबीएम’ हे शब्द सर्रास ऐकू येतात. त्यांतला शेवटचा ‘एम’ म्हणजे हेच मॅकॅडम. म्हणून त्यांचा सल्ला आजही तपासून पाहण्यासारखा आहे.

पुस्तकाचा गाभा असा : वाहनाचे वजन खडी पेलत नाही, खालची जमीन पेलते, आणि तीही कोरडी असेपर्यंतच. खडीचा थर हे त्या जमिनीवरचे छप्पर होय. त्यांचे समकालीन टेलफर्ड तळाशी मोठे दगड हाताने रचून घेत. मॅकॅडम यांनी ते वगळले, रस्ता आसपासच्या पाण्यापेक्षा उंच ठेवायला सांगितले आणि खडीला माप दिले. कोणताही खडा सहा औंसांहून, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमहून, जड नको. ‘बारीक खडी घाला’ असे मोघम न सांगता मुकादमाला साध्या तराजूवर पडताळता येईल असा नियम त्यांनी दिला, हा पुस्तकाचा मोठा गुण आम्ही मानतो.

दोष आहे तो सामान्यीकरणात. जमीन कोरडी असली की दहा इंच, म्हणजे सुमारे २५ सेंटिमीटर, नीट बसलेली खडी कोणतेही वजन पेलेल, असे ते म्हणतात. १८१९ साली ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे तर त्यांनी कठीण जमिनीपेक्षा मऊ जमीन बरी, असे सांगितले आणि सॉमरसेटमधील दलदलीवरच्या रस्त्याचा दाखला दिला. एका रस्त्याच्या अनुभवावरून सगळ्या जमिनींचा नियम कसा निघेल? आपल्या काळ्या मातीतील मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाणी शोषून फुगते आणि वाळले की आकसते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसाळ्यात त्याच भेगांतून पाणी आत शिरते. ती नुसती कोरडी असून भागत नाही. तिचा ओलावा सारखा बदलता कामा नये. म्हणून आज मातीचा नमुना चार दिवस पाण्यात भिजवून ‘सीबीआर’ चाचणीने त्याचे बळ मोजतात आणि त्यावरून, तसेच अपेक्षित वाहतुकीवरून, थरांची जाडी ठरवतात. मॅकॅडम जमीन कोरडी राहील असे गृहीत धरतात. ही चाचणी ती भिजेल असे धरते.

तरीही आमची खरी तक्रार पुस्तकापेक्षा त्याच्या वाचकांविषयी आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातल्या असंख्य हातांनी रस्त्यांसाठी खडी फोडली. खडी आपल्या अंगवळणी पडली, पाण्याचा निचरा मात्र पडला नाही. साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच, चर मातीने बुजलेला, आणि खड्ड्यातले पाणी न काढताच वर डांबर, हे दृश्य आपल्याला नवे नाही. दरवर्षी दोष डांबराला दिला जातो.

शिक्षकांनी पावसाळ्यात विद्यार्थ्यांना शाळेजवळच्या रस्त्यावर न्यावे. वाहनांपासून सुरक्षित अंतरावर उभे राहून खड्डे मोजण्याआधी एकच पाहावे : पडलेले पाणी कोणत्या वाटेने जाते? जिथे त्याला वाट नाही, तिथला पुढचा खड्डा विद्यार्थी आधीच सांगू शकतील.