मेतकूट कोणाचं?

चिकपेटात राहायला आले त्या आठवड्यात पुण्याहून आणलेलं मेतकूट शेजारच्या भावसार आजींना दिलं. त्यांचं मराठी पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं, अर्धं कानडीत मुरलेलं. (शहाजीराजांना इथली जहागीर मिळाली १६३८ च्या सुमारास, माझ्यासारखे काल आलेले लोक उगाच स्वतःला परदेशी समजतात.) आजींनी वास घेतला आणि म्हणाल्या, "हे बामणांचं." त्यांच्या घरचं म्हणजे रविवारचं मटण.

पंडिता रमाबाईंच्या इंग्रजी पत्रांचं मराठी करताना हे वाक्य सारखं आडवं येतं. ही पत्रं सिस्टर जेराल्डिन यांनी जपून ठेवली, अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ती छापली. रमाबाई १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन वाँटेजला गेल्या, तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तरीही मांसाहार केला नाही. जेराल्डिनना त्यात जातीचा ताठा दिसला. रमाबाईंचं उत्तर असं, की पूर्वजांच्या चालीरीती जमेल तितक्या पाळते, आणि मला हिंदू म्हणवून घ्यायला आवडतं.

त्याच साली आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या. निघण्याआधी श्रीरामपूरच्या भाषणात त्यांनी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन असं जाहीर केलं होतं. त्यामुळे फिलाडेल्फियातल्या त्यांच्या प्रत्येक घासाला मागे राहिलेल्यांच्या लेखी वचनपूर्तीचं मोल आलं. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच फेब्रुवारीत, वयाच्या एकविसाव्या वर्षी, पुण्यात गेल्या. तेच शाकाहारी ताट एकीकडे निष्ठा, दुसरीकडे उद्दामपणा. थंडीत, भुकेल्या पोटी, ओळखीची चव हवी असते, एवढी साधी गोष्ट दोन्ही बाजूंच्या वाचकांना पुरेशी वाटत नाही. आनंदीबाईंबद्दल लिहिताना आपण आजही ती साक्षीच्या पिंजऱ्यात उभी करतो.

पण इथे मी स्वतःला थांबवते. जेराल्डिन बाईंचं चुकलं, हे मान्य. सगळं चुकलं नाही. चव जातीतूनच येते. आजींना ते एका वासात कळलं, मला चाळीस वर्षांत कळलं नव्हतं. रमाबाईंनी धर्म सोडला तरी जिभेवरचं घर तेच राहिलं, आणि ते घर कोणाचं हा प्रश्न त्यांच्या पत्रांत त्या विचारत नाहीत, असं मला वाटतं. जेराल्डिन विचारतात, पण त्यांच्या हातात मठाची शिस्त आहे.

अनुवादात हे सगळं एका शब्दाशी येऊन अडतं. इंग्रजी 'कस्टम्स'. त्याचं मी 'चालीरीती' करू, 'सवय' करू की 'सोवळं'? तीन शब्द, तीन रमाबाई. कानडीत सोवळ्याला 'मडी' म्हणतात. त्याच शब्दाचा अर्थ धुतलेलं कापडही होतो, त्यामुळे कानडी अनुवादकाला निदान धोब्याच्या दगडावर उभं राहता येतं. मराठीत 'सोवळं' लिहिलं की वाचक लगेच निकाल देऊन टाकतो. मी आधी 'सवय' लिहिलं, ते फार निष्पाप वाटलं म्हणून खोडलं, आणि सध्या 'चालीरीती' ठेवलंय.

आजींनी डबा परत केला तेव्हा त्यात चटणी होती, लसूण आणि सुकं खोबरं. मेतकूट कुठे गेलं ते मी विचारलं नाही.