आद्य महानुभाव पंथातील मतभेद : ‘स्मृतिस्थळ’च्या आधारे एक चिकित्सा

प्रास्ताविक

कोणत्याही धर्मपंथाच्या इतिहासात संस्थापक दृष्टीआड झाल्यानंतरचा काळ सर्वाधिक कसोटीचा असतो. संस्थापक हयात असताना शंका त्याच्यापाशी नेता येते व त्याचा शब्द अंतिम ठरतो. त्याच्या पश्चात मात्र शब्द उरतो आणि त्या शब्दाचा अर्थ कोणी सांगावयाचा, हा प्रश्न उभा राहतो. अमेरिकेत १८३० मध्ये जोसेफ स्मिथ याने स्थापन केलेल्या मॉर्मन पंथाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १८४४ च्या जून महिन्यात पंथातील असंतुष्टांनी नॉव्हू येथे एक वृत्तपत्र काढले. त्याचा एकच अंक निघाला आणि छापखाना उद्ध्वस्त करण्यात आला. त्याच महिन्यात स्मिथची हत्या झाली व वारसपदावरून पंथ अनेक शाखांत विभागला गेला. तेथे मतभेदाचे लिखित रूप नष्ट करण्याचा प्रयत्न झाला.

याच प्रश्नाला मराठवाडा व विदर्भाच्या भूमीत, तेराव्या शतकात, महानुभाव पंथ कसा सामोरा गेला याची साक्ष ‘स्मृतिस्थळ’ हा ग्रंथ देतो. मराठीच्या अभ्यासक्रमात तो गद्यशैलीचा नमुना म्हणून शिकविला जातो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार मतभेदांचा दस्तऐवज म्हणून करावयाचा आहे.

पार्श्वभूमी

श्रीचक्रधरांनी उत्तरापंथे गमन केल्यावर त्यांचा शिष्यपरिवार ऋद्धिपूर येथे श्रीगोविंदप्रभूंच्या सान्निध्यात राहिला. गोविंदप्रभूंच्या निधनानंतर पंथाची धुरा नागदेवाचार्य ऊर्फ भटोबास यांच्याकडे आली. नागदेवाचार्य हे अवतार नव्हते व पंथातील अग्रगण्य पंडितही नव्हते. त्यांच्याभोवती म्हाइंभट, केशोबास, पंडित दामोदर यांच्यासारखे शास्त्रसंपन्न शिष्य आणि महदाइसेसारखी चिकित्सक बुद्धीची स्त्री होती. ज्ञानाने आपल्याहून वरचढ असलेल्यांचे नेतृत्व करण्याचा हा प्रसंग होता. वा. ना. देशपांडे यांनी १९३९ मध्ये संपादित केलेल्या आणि अ‍ॅन फेल्डहाउस व शं. गो. तुळपुळे यांनी १९९२ मध्ये इंग्रजीत आणलेल्या ‘स्मृतिस्थळा’त या नेतृत्वाच्या आठवणी आहेत.

मतभेदांचे स्वरूप

यांतील पहिला व सर्वांत महत्त्वाचा मतभेद भाषेचा आहे. केशोबासांनी संस्कृतात ‘रत्नमालास्तोत्र’ रचले होते व पंथीय विषयावर त्याच भाषेत पुढे लिहिण्याची त्यांची इच्छा होती. नागदेवाचार्यांनी त्यांना थांबविले. तसे झाल्यास पंथातील वृद्ध स्त्रिया ज्ञानाला मुकतील, हे त्यांचे कारण होते. संस्कृतात प्रश्न विचारणाऱ्यांनाही त्यांनी, श्रीचक्रधरांनी आपणांस मराठीतच निरूपण केले तेव्हा मराठीतच विचारा, असे सांगितल्याची आठवण आहे. हे प्रसंग मराठीच्या अभिमानाचे म्हणून वारंवार उद्धृत होतात. परंतु त्यांतील वाद भाषाभिमानाचा नाही. पंथाचे ज्ञान कोणाला तपासता यावे, हा त्यातील खरा वाद आहे. ज्या भाषेत म्हाताऱ्या ऐकू शकतात, त्याच भाषेत त्या हरकतही घेऊ शकतात.

दुसरा मतभेद वाङ्मयाच्या प्रयोजनाविषयी आहे. पंथीय परंपरेनुसार भास्करभट्ट बोरीकरांचा ‘शिशुपाळवध’ वाचून बाइदेवबासांनी त्याची गुणवत्ता मान्य केली. मात्र निवृत्तिमार्गीयांना तो योग्य नाही, असा आक्षेप घेतला. भास्करभट्टांनी त्यानंतर ‘उद्धवगीता’ रचली. येथे आक्षेपकाने ग्रंथ नाकारला नाही आणि कवीने लेखणी टाकली नाही. नागदेवाचार्यांनंतर प्रथम बाइदेवबास व त्यांच्यामागून हेच भास्करभट्ट आचार्यपदी आले, ही बाब लक्षणीय आहे.

तिसरा मतभेद मूळ वचनाविषयीचा आहे. यादव राज्याच्या पडझडीच्या धामधुमीत ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत गमावल्यावर शिष्यांनी ते स्मरणातून पुन्हा सिद्ध केले. एकाची आठवण दुसऱ्याशी जुळेना. अशा वेळी एकच पाठ प्रमाण मानून इतर पुसून टाकणे सोपे होते. संकलकांनी त्याऐवजी भिन्न स्मरणे ‘वासना’ या संज्ञेखाली नोंदविली. पंथाने मतभेदाला दिलेली ही सर्वांत मोलाची मान्यता होय.

ग्रंथाच्या मर्यादा

तथापि ‘स्मृतिस्थळा’ची केवळ प्रशंसा करून भागणार नाही. वर पाहिलेल्या भाषाविषयक प्रसंगांची रचना ठराविक आहे: शिष्य शंका काढतो, आचार्य मोजक्या शब्दांत उत्तर देतात व प्रसंग संपतो. केशोबासांचा युक्तिवाद काय होता, हे ग्रंथ सांगत नाही. संस्कृतात लिहिल्यास महाराष्ट्राबाहेरील विद्वानांपर्यंत तत्त्वज्ञान पोहोचले असते, असे त्यांना म्हणता आले असते. ते म्हटले गेले की नाही, हे आपणांस कळत नाही. थोडक्यात, मतभेद नोंदविला आहे, परंतु आचार्यांच्या उत्तराची प्रस्तावना म्हणून. पुढे पंथात तेरा आम्नाय निर्माण झाले आणि त्यांतील उपाध्ये व कवीश्वर हे प्रमुख म्हणून टिकले. प्रश्नोत्तराच्या या चौकटीत न मावणारे मतभेदही होते, याचाच हा पुरावा होय.

याहून गंभीर विसंगती पुढील आहे. वृद्ध स्त्रिया वंचित राहू नयेत म्हणून ज्या पंथाने संस्कृत नाकारले, त्याच पंथाने पुढे आपले मराठी ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत बंदिस्त केले. तत्कालीन असुरक्षितता हे त्याचे एक कारण असेल. परिणाम मात्र असा झाला की, भाषा सर्वांची राहिली आणि अक्षरे मोजक्यांची झाली. वि. का. राजवाडे यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी या लिपीचा उलगडा करीपर्यंत पंथाबाहेरील मराठी समाजाला हे वाङ्मय वाचता आले नाही. ज्याचे ग्रंथ वाचता येत नाहीत त्या पंथाविषयी समाजात प्रवाद वाढावेत, हे ओघानेच आले.

समारोप

भोकरदन तालुक्यातील जाळीचा देव असो वा गोदाकाठचे पैठण, महानुभावांच्या स्मृतिस्थानांनी वेढलेल्या या परिसरात ‘स्मृतिस्थळा’चे अध्यापन केवळ भाषिक वैशिष्ट्यांची यादी देऊन संपू नये. त्या ग्रंथातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, पंथ मतभेदाने दुबळा होतोच असे नाही. ‘वासना’ नोंदविणाऱ्यांनी तो पचविला. दुसरी, मतभेद पचविण्याची शक्ती ज्ञान खुले असण्यावर अवलंबून असते. नागदेवाचार्यांनी केशोबासांना दिलेले उत्तर हे त्या खुलेपणाचे तत्त्व होते आणि सांकेतिक लिपी हा त्या तत्त्वाचा पराभव होता. विद्यार्थ्याला पहिले सांगून दुसरे वगळणे म्हणजे ग्रंथाचा गौरव करणे नव्हे, तर त्याचे अर्धे वाचन करणे होय.